पाण्याशी गट्टी

"एवढंसं पोर घेऊन बोटीवर? डोकं फिरलंय का तुझं?"

शेजारच्या मावशींनी मेथी निवडता निवडता मला हे विचारलं, तेव्हा माझ्या हातात क्रूझच्या आरक्षणाचा कागद होता. खरं सांगते मैत्रिणींनो, तोवर हाच प्रश्न मी स्वतःला पन्नास वेळा विचारून झाला होता. आपण पडलो कोल्हापूरची माणसं. आपला समुद्र म्हणजे रंकाळा, आणि बोट म्हणजे त्यातली होडी. तीही भेळ खाऊन झाल्यावर, मुलांनी हट्ट धरला तर.

पण आमच्या छकुलीने असा हट्ट कधी धरलाच नाही. कारण तिच्या आयुष्यातली पहिली बोट ही महापुरातली बोट होती.

पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची इशारा पातळी ३९ फूट आणि धोक्याची ४३ फूट. हे आकडे इथल्या बायकांना दुधाच्या दरासारखे पाठ असतात. २०१९ साली आणि पुन्हा २०२१ साली नदी ५५ फुटांच्याही वर गेली. २०२१ च्या जुलैत आमच्या शाहूपुरीतल्या घराच्या जिन्याला पाणी लागलं, तेव्हा छकुली अडीच वर्षांची होती. जवान रबरी बोट घेऊन आले. एकाने तिला नारिंगी जॅकेट चढवलं, माझ्या कडेवरून उचललं आणि बोटीत ठेवलं. मग सासूबाईंना धरून धरून उतरवलं. तेवढा वेळ ती बोटीत आणि मी जिन्यावर, मधे गढूळ पाणी. ती हंबरडा फोडत होती आणि मी वरून ओरडत होते, "काही नाही झालं बाळा, काही नाही झालं!"

पाणी ओसरलं. चिखल काढला, फिनेलने भिंती धुतल्या, भिजलेली कागदपत्रं दोरीवर वाळत घातली. सगळे म्हणाले, मुलं विसरतात गं! पण छे. पोरगी रंकाळ्याच्या कठड्याजवळ गेली की माझा पदर घट्ट धरायची. होडी दिसली की तोंड फिरवायची. न्हाऊ घालताना डोक्यावर तांब्या ओतला तर घर डोक्यावर घ्यायची. रागावून झालं, लाडीगोडी झाली, खाऊची लालूच झाली. उपयोग शून्य.

अशात सासूबाईंनीच विषय काढला. त्यांचं माहेर देवगडचं. लहानपणी त्या मुंबईला मामाकडे बोटीनेच जात. तेव्हा मुंबई-गोवा आगबोट रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत पणजीला पोचायची. देवगडला ती धक्क्याला लागत नसे. पडावात बसून खोल पाण्यात जायचं आणि मग बोटीवर चढायचं. वळकटी डेकवर पसरायची, शिदोरी सोडायची आणि गाणी म्हणत रात्र काढायची. 'कोकणसेवक', 'कोकणशक्ती' ही नावं त्या अजून माहेरच्या माणसांसारखी घेतात. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असे, आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीस तर कायमचीच थांबली. पुढे १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण धावू लागली आणि बोटीची आठवण आजी-आजोबांपुरती उरली.

"आणि 'रामदास' बुडाली ती?" मी विचारलं. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट वादळात सापडून बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. आपल्याकडे बोटीचं नाव काढलं की कुणीतरी तिची आठवण काढतंच. सासूबाई म्हणाल्या, "बुडाली तर. म्हणून काय त्यानंतर माणसं बोटीत बसली नाहीत? आम्ही बसलोच की!"

मुंबई-गोवा प्रवासाची हौस २०१८ साली 'आंग्रिया' बोटीने पुन्हा जागी केली होती. ती थांबली, पण २०२१ पासून 'कॉर्डेलिया'ची 'एम्प्रेस' ही मोठी क्रूझ मुंबईहून सुटू लागली. आम्ही २०२३ च्या डिसेंबरात, नाताळच्या सुट्टीत गेलो. माझी शाळेतली नोकरी अर्ध्या वेळेची असली तरी रजा मिळणं सोपं नाही. आम्ही मुंबईत चढून गोव्यात उतरायचं असं दोन रात्रींचं तिकीट काढलं. कोल्हापूरकरांना हे सोयीचं. महालक्ष्मी एक्स्प्रेसने रात्रीतून मुंबई गाठायची. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून बॅलार्ड पिअर टॅक्सीने अगदी जवळ. आणि परतताना गोव्याहून आंबोली घाट चढला की आपण आपल्या जिल्ह्याच्या वेशीवर.

आता तुम्ही जाणार असाल तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. आरक्षण करताना दिसतो तो आकडा शेवटचा नव्हे. बंदराचे आकार आणि कर त्यावर पडतात, तेव्हा एकूण रक्कम विचारूनच घ्या. खोली शक्यतो बोटीच्या मधोमध आणि खालच्या मजल्यावर मागा. सी-सॉवर मधे बसलेल्याला जसे हेलकावे कमी, तसंच इथे. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते, पण मूल बरोबर असेल तर खिडकी हवीच. तान्ह्या बाळाला घेऊन जाता येतं का, आणि त्याचं खाणं बरोबर नेऊ देतात का, हे आधी विचारा. मोठ्या बॅगा बंदरावरच घेतात आणि त्या खोलीत उशिरा पोचतात. म्हणून मुलाचा एक कपड्यांचा जोड, औषधं, ओळखपत्रं आणि आवडतं खेळणं हातातल्या पिशवीतच असू द्या. बोट किनाऱ्यापासून लांब गेली की मोबाईलची रेंज जाते. त्यामुळे चुकामूक झाली तर कुठे भेटायचं, ते पहिल्या तासातच ठरवून टाका.

बोट कसली, मजल्यावर मजले रचलेला वाडाच तो! ही मूळची १९९० सालची, लांबी सुमारे २१० मीटर. छकुलीला ती बोट वाटलीच नाही. लिफ्ट, जिने, गालिचे बघून ती खुशीत होती. मी मनात म्हटलं, सुटले!

सुटले कुठली? बोट सुटण्याआधी सगळ्या प्रवाशांना एकत्र बोलावून संकटकाळी काय करायचं ते सांगतात. १९१२ मध्ये 'टायटॅनिक' बुडाल्यावर आंतरराष्ट्रीय नियम झाले, त्यांतलीच ही कवायत. कंटाळा करून खोलीत बसू नका, हिच्यापासून सुट्टी नसते. तर तिथल्या एका मुलीने दाखवण्यासाठी जॅकेट उचललं. तेच, नारिंगी. छकुली ताठ झाली आणि किंचाळायलाच लागली. शेकडो माणसं वळून बघताहेत, हे तिला उचलून घेताहेत, आणि मी? माझ्या तोंडून तेच, "काही नाही झालं, काही नाही झालं!"

त्या गोंधळात सासूबाई पुढे झाल्या. पदर कमरेला खोचला, त्या मुलीच्या हातून जॅकेट घेतलं आणि स्वतःच्या गळ्यात अडकवलं. बंद काही जमेनात. फुगलेल्या कोंबडीसारख्या त्या नातीसमोर उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बघ बाई, तुझी आजी कशी दिसते! हा पट्टा तेवढा लाव बघू." छकुली हुंदके देत देत बघत राहिली. मग एक बोट पुढे करून तिने पट्ट्याचा चाप दाबला. टक्! हसली नाही, पण रडं थांबलं. मुलांचं छोटं जॅकेट मात्र तिने घातलं नाही, आणि आम्हीही आग्रह धरला नाही.

रात्री डेकवरून दूर एका दीपगृहाचा दिवा लुकलुकताना दिसला. "ते देवगड," सासूबाई ठामपणे म्हणाल्या. हे म्हणाले, "आई, आत्ताच तर मुंबई सुटली." पण त्यांनी काही ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी बोट लागली. कुणाला? मला! आमच्याकडे तीन पिढ्यांत फक्त मलाच. याचं कारण असं, की आपल्या कानाच्या आतल्या भागाला हालचाल कळते, पण खोलीतल्या भिंती डोळ्यांना स्थिर दिसतात. कान एक सांगतो, डोळे दुसरंच, आणि त्या भांडणात पोट ढवळतं. म्हणून पडून राहण्यापेक्षा मोकळ्या हवेत जाऊन क्षितिजाकडे बघत बसणं चांगलं. खाणं हलकं ठेवा, पण पोट रिकामं ठेवू नका. आल्याचा तुकडा किंवा आलेपाक तोंडात धरला तर बरं वाटतं. औषध घ्यायचं तर ते प्रवासाआधी घ्यावं लागतं, आणि मुलांना मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

मी न्हाणीघरात वाकलेली असताना पाठीवर एक इवलासा हात फिरला. छकुली. मोठ्या गंभीरपणे थोपटत ती म्हणत होती, "काही नाही झालं आई, काही नाही झालं."

मैत्रिणींनो, त्या क्षणी मला कळलं, की हे वाक्य ऐकणाऱ्याला कसं लागतं. माझा जीव कासावीस झालाय, आणि मला सांगताहेत काही झालंच नाही! अडीच वर्षं मी तिला हेच ऐकवत आले होते.

मी तोंड धुतलं आणि म्हटलं, "झालंय गं. आईला बोट लागलीय. पण थोड्या वेळाने बरं वाटेल." ती लगेच म्हणाली, "मग वर जाऊया."

आम्ही दोघी डेकवर जाऊन बसलो. कठड्यापासून लांब, बाकावर. चारी बाजूंना पाणी, निळं आणि स्वच्छ. पुढचं सगळं मी ठरवून बोलले नाही. "तुला पुरातली बोट आठवते?" तिने मान हलवली. "त्या दिवशी आईपण खूप घाबरली होती." तिने माझ्याकडे बघितलं. बऱ्याच वेळाने म्हणाली, "मग तू मला का देऊन टाकलंस?"

काय सांगू तुम्हांला! मला वाटत होतं, पोर पाण्याला भिते. तिच्या मनात भलतंच होतं. आईने आपल्याला परक्या माणसाच्या हाती देऊन टाकलं आणि स्वतः घरात राहिली.

मग मी तिला सगळं सांगितलं. लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना आधी नेतात. आजी तुझ्या मागून आली, मग मी आले, मग बाबा. नारिंगी रंग लांबूनही दिसतो, म्हणून जॅकेट नारिंगी. ते काका तुला घेऊन जायला नव्हे, तर आपल्या सगळ्यांना न्यायला आले होते. तिने तीन वेळा विचारलं, "आणि तू लगेच आलीस?" मी तीन वेळा सांगितलं, "लगेच."

संध्याकाळी ती खोलीतलं जॅकेट ओढत ओढत घेऊन आली. घातलं मात्र बाहुलीला.

म्हणून काही ती बोटीवरून उतरताच पोहायला लागली असं नाही. पोहण्याच्या तलावाच्या कडेला बसून तिने फक्त पाय बुडवले. मुरगावला उतरून आम्ही घरची वाट धरली. वाटेत आंबोलीला हिरण्यकेशीच्या देवळाशी थांबलो. तिथे गुहेपाशी गोमुखातून नदी बाहेर पडते, केवढीशी! "ही मोठी होते का?" तिने विचारलं. "होते. पुढे आजऱ्यावरून, गडहिंग्लजवरून जाते." तिने ओंजळ धरली, आणि ती स्वतःच डोक्यावर ओतून घेतली.

क्रूझमध्ये आईला विश्रांती मिळते का, असं विचाराल तर खरं सांगते, अर्धीच. स्वयंपाक नाही, भांडी नाहीत, हे सुख आहेच. पण लहान मूल असलं की डोळ्यांना सुट्टी नाही. कठडा, जिना, तलाव, गॅलरी, सगळीकडे त्याच्या मागे माणूस हवं. पाळ्या लावून घ्या, आणि यजमानांना त्यांची पाळी चुकवू देऊ नका! क्रूझ परवडत नसेल तर तारकर्लीच्या खाडीतली तासाभराची होडीही चालेल. पण मुलाच्या मनात भीती असेल, तर तिच्यावर पांघरूण घालू नका. काही झालं असेल तर झालं म्हणा.

२०२४ च्या जुलैत पंचगंगेने पुन्हा धोक्याची पातळी ओलांडली. आम्ही तांदळाचे डबे वर चढवत होतो, कागदपत्रं पिशवीत भरत होतो. या वेळी पाणी आमच्या घरापर्यंत आलं नाही, पण ते तेव्हा कुणाला माहीत होतं? छकुली बाहुली काखेला मारून जिन्यावर बसली होती. मला म्हणाली, "आई, बोट आली तर मी आधी जाईन. आजीला हात देईन. तू लगेच ये हं."

"येते," मी म्हटलं, आणि तिच्या शेजारी पायरीवर बसले.