गणपूर्ती

गेल्या मार्गशीर्षात आम्ही उभयता केरळच्या प्रवासास गेलो होतो. कोचीतील मट्टनचेरी भागात मसाल्याच्या वखारींचा दरवळ घेत आम्ही ‘ज्यू टाउन’ या अरुंद गल्लीत शिरलो. ज्यू कुटुंबांच्या जुन्या घरांत आता दुकाने थाटली आहेत. गल्लीच्या टोकाला १५६८ साली बांधलेले परदेशी सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनामंदिर आहे.

पादत्राणे बाहेर काढावी लागली, तेव्हाच परकेपणा निम्मा ओसरला. आत हाताने रंगविलेल्या निळ्या-पांढऱ्या चिनी फरशा आणि छताला काचेची झुंबरे. कोचीच्या राजाने आपल्या वाड्यालगतची जागा या समाजास दिली होती. १६६२ मध्ये पोर्तुगीजांनी या वास्तूची नासधूस केली. डचांचा अंमल येताच ती पुन्हा उभी राहिली.

एवढ्या आघातातून तगलेले प्रार्थनास्थळ आज प्रवासी तिकीट काढून पाहतात. ज्यूंच्या सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष लागतात. १९४८ साली इस्रायलची स्थापना झाली आणि एकेक कुटुंब तिकडे गेले. त्यांना येथून कोणी हाकलले नव्हते. ते आपखुशीने गेले. आता येथे उरलेले ज्यू हाताच्या बोटांवर मोजता येतील इतकेच आहेत. दहा जण जमावेत कोठून?

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा गणपूर्तीअभावी तहकूब होताना मी अनेकदा पाहिल्या आहेत. अर्ध्या तासाने तीच सभा त्याच जागी पुन्हा भरते. येथील तहकुबीला मात्र तसा अर्धा तास नव्हता.

तेथून जवळच, गुजराती रस्त्यावर, धर्मनाथ भगवंतांचे जिनालय आहे. व्यापारानिमित्त येथे स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी ते जपले आहे. दुपारी तेथे पारव्यांना दाणे घालतात. दाणे टाकता टाकता सौभाग्यवतींनी विचारले, “अहो, आपल्या गावच्या मंदिरात हल्ली अभिषेकाला किती जण असतात?”

“देणगी दरवर्षी न चुकता पाठवतो. पावत्या फाइलला लावलेल्या आहेत,” मी तत्परतेने म्हणालो.

“पावत्यांचं नाही विचारलं मी.”

मी निरुत्तर झालो. चार वर्षांपूर्वी पर्युषणात मी तेथे जेमतेम तासभर उभा होतो, तेव्हाही गाभाऱ्यात उपाध्ये एकटेच होते. २०११ च्या जनगणनेत आपली संख्या सुमारे ४४.५ लाख भरली, हे मी व्याख्यानांतून अभिमानाने सांगत आलो. पण जनगणनेतील आकडा सकाळी सात वाजता मंदिरात येऊन उभा राहत नाही. आपल्या पूजेला दहा जणांची अट नाही. एकटा श्रावकही ती करू शकतो. धर्माने दिलेल्या या सवलतीचा मी इतकी वर्षे निमित्त म्हणून उपयोग केला होता.

परतल्यावर येणाऱ्या अष्टमीस आम्ही पहाटेच्या एस.टी.ने गावी गेलो. मंदिरात उपाध्ये आणि एक वृद्ध माउली होत्या. आम्ही धरून चौघे झालो. उपाध्ये क्षणभर आमच्याकडे पाहत राहिले. मी सोवळे नेसून आत आलो, तेव्हा काही न बोलता त्यांनी अभिषेकाचा कलश माझ्या हाती दिला.