सहा युरोंतला दक्षिण फ्रान्स

फ्रेंच वाइन म्हणजे खिशाला भोक, असा आपला समज. पण तुलूजपासून तास-सव्वा तासावर एक पट्टा असा आहे, जिथे झकास रेड वाइन पिझ्झ्यापेक्षा स्वस्त मिळते. फक्त ती पिताना थोडी उचकी लागते!

ऑनसाइटला आलेल्या प्रत्येक मराठी पोराचा पहिला महिना सेम असतो. दिसेल त्या किंमतीला रुपयांनी गुणायचं आणि ती वस्तू गुपचूप परत ठेवायची. तुलूजच्या सुपरमार्केटमध्ये वाइनच्या भिंतीसमोर माझं हेच चाललं होतं. बोर्दोची बाटली उचलायची, गुणाकार करायचा, ठेवायची. टीममधली फ्रेंच मैत्रीण हसली. म्हणाली, ‘‘बोर्दो सोड. शनिवारी चल, तुला आमच्या गावाकडची पाजते.’’

गावाकडची! हा शब्द ऐकल्यावर नाही कोण म्हणणार?

ऑक्टोबरातला शनिवार. तुलूजहून ट्रेनने नार्बोन. तिथल्या १९०१ सालच्या मंडईत ब्रेड, चीज आणि ऑलिव्ह घेतले आणि तिच्या भावाच्या गाडीतून निघालो कॉर्बिएरच्या टेकड्यांकडे. इथे वारा सॉलिड. दगडधोंड्यांची जमीन, खुरटी झुडपं आणि पायाखाली रानटी थाईम. चुरडून वास घेतला, तर थेट ओवा! दोघांतही थायमॉल असतं, त्यामुळे हा योगायोग नाही.

आणि मग द्राक्षमळे. माझं आजोळ तासगावचं. द्राक्षबाग म्हणजे तारा, अँगल, डोक्यावर मांडव आणि खाली ठिबकच्या नळ्या, हे माझ्या डोक्यात फिट्ट. इथल्या जुन्या मळ्यांत यातलं काहीच नाही. गुडघ्याएवढी, वाकडीतिकडी, काळी खोडं सुटी सुटी उभी. काही तर माझ्या आजोबांच्या वयाची. जात कारिन्यान. वेल म्हातारा झाला की घड कमी देतो, पण जे देतो त्यात दम असतो.

गावातली सहकारी वाइनरी म्हणजे आपल्याकडच्या दूध संघासारखा प्रकार. शेतकरी द्राक्षं आणून घालतात, वाइन एकत्र बनते. या भागात ही पद्धत १९०१ पासूनची, बेझिए शहराजवळच्या मारोसाँ गावातली. एका कोपऱ्यात चक्क पेट्रोल पंपासारखा नळ! गावकरी पाच-पाच लिटरचे कॅन घेऊन येतात आणि रोजच्या जेवणाची वाइन भरून नेतात. मी बघतच राहिलो.

काउंटरवरच्या मावशींनी तीन ग्लास मांडले. पहिली ग्रेनाश जास्त असलेली. मऊ, स्ट्रॉबेरीच्या जॅमची आठवण देणारी, पहिल्या भेटीतच गळ्यात पडणारी. दुसरी सिरा, म्हणजे आपल्या नाशिकची शिराझच. काळी मिरी आणि पिकलेली करवंदं. तिसरी जुन्या कारिन्यानची. पहिला घोट आंबट, मग जांभूळ खाल्ल्यावर जीभ जशी तुरट होते तसं काहीतरी, आणि शेवटी तोच ओव्याचा वास. एकटी प्यायली असती तर नाक मुरडलं असतं. मावशींनी चीजचा तुकडा पुढे केला आणि तीच वाइन एकदम शहाण्यासारखी वागायला लागली. बाटलीची किंमत? सहा युरो.

‘‘इतकी स्वस्त कशी?’’ मी विचारलं. मैत्रीण म्हणाली, ‘‘पत्त्यामुळे.’’ बोर्दोच्या लेबलला इभ्रत आहे. लांगदॉकची ओळख मात्र एकोणिसाव्या शतकात रेल्वे आली तेव्हापासून कामगारांची स्वस्त दारू अशीच पडली. १९०७ मध्ये भाव इतके कोसळले की मार्सेलाँ आल्बेर या शेतकऱ्यामागे लाखो लोक रस्त्यावर उतरले. नार्बोनमध्ये सैन्याने गोळ्या झाडल्या, माणसं गेली. दर्जा नंतर सुधारला. फितूला १९४८ मध्ये आणि कॉर्बिएरला १९८५ मध्ये अधिकृत नामांकन मिळालं. भाव मात्र फारसा हलला नाही.

मावशींनी खिडकीबाहेर बोट दाखवलं. समोर नुसतं उघडं रान. शेजाऱ्याचा मळा होता, उपटला. २०२४ मध्ये सरकारने मळा कायमचा काढणाऱ्याला हेक्टरी ४ हजार युरो देऊ केले. फ्रान्समध्ये रेड वाइन पिणारे कमी होताहेत, पाऊस रुसलाय. त्यात ऑगस्ट २०२५ च्या वणव्यात या टेकड्यांतलं सुमारे १६ हजार हेक्टर रान जळालं. मळे उभे होते तिथे आग अडली, असं मावशी सांगत होत्या.

रात्री मामाला फोन लावला. तिकडे छाटणीचा सीझन.

‘‘काय रं, फ्रान्सच्या बागा कशा हायत?’’

‘‘मामा, भारी. बाटली सहा युरोला, म्हणजे सहाशेच्या आसपास.’’

‘‘ते ऱ्हाऊ दे. शेतकऱ्याच्या हातात किलोला काय पडतंय?’’

मला सांगता येईना. अख्खा दिवस मी ‘स्वस्त, स्वस्त’ करत नाचत होतो आणि हा प्रश्न सुचलाच नव्हता. पडलेल्या भावात तासगावात कुऱ्हाड लागलेली बाग मी लहानपणी पाहिली आहे, तरीही.

निघताना तीन बाटल्या घेतल्या होत्या. पुढच्या महिन्यात परत गेलो तेव्हा सहा घेतल्या. त्यातल्या दोन नऊ युरोंच्या, जुन्या वेलींच्या. गुणाकार केला नाही.

चव घेताना...

* क्रम ठेवा : हलकी आधी, दणकट शेवटी.
* थुंकायला लाजू नका. टेस्टिंगमध्ये ते शिष्टाचारात बसतं, आणि गाडी चालवणाऱ्याला तर कम्पल्सरी.
* पुण्या-मुंबईच्या उन्हाळ्यात ‘रूम टेम्परेचर’ विसरा. रेड वाइन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा, १६ ते १८ अंश बेस्ट.
* तुरट वाइन नुसती पिऊ नका. मटण, चीज, भरली वांगी, काहीतरी सोबत हवंच.
* लेबलवर ‘पेई दॉक’ असेल तर द्राक्षाची जात बहुधा लिहिलेली असते. सुरुवात तिथून करा.