दाजी पेठेतले घर शोधताना

नोकरी म्हटली की बदली आलीच. २०१८ च्या जून महिन्यात आमची बदली सोलापूरला झाली, तेव्हा आम्हांला नुकतीच चाळिशी लागली होती. लहानपणीचे मित्र लातूरकडे राहिले, कॉलेजातले कोणी पुण्याला गेले, कोणी मुंबईला. या वयात नवा मित्र कसा करायचा, हे कोणत्याही शाळेत शिकवीत नाहीत. बी.कॉम.ला तर नाहीच नाही.

सोलापूर म्हणजे मुंबई नव्हे की शेजारच्याचा पत्ता शेजारच्याला नसावा. आणि खेडेही नव्हे की चार दिवसांत सर्वांना सर्व कळावे. २०११ च्या जनगणनेत या शहराची वस्ती साडेनऊ लाख होती. अशा मधल्या शहरात ओळखी लवकर होतात आणि तिथेच थांबतात. कचेरीतले सहकारी भले होते, पण कचेरी सुटली की ज्याची त्याची गाडी ज्याच्या त्याच्या घराकडे. वस्तीत गेलो की जयभीम व्हायचा, चहा व्हायचा, वर्गणीची पावतीही फाटायची. कार्यकर्त्याला कुठल्याही गावात माणसे मिळतात. पण संध्याकाळी सहज जाऊन ज्याच्या दारात बसावे, असा कोणी नव्हता.

आधी खोलीचे सांगतो. पहिल्या घरमालकांनी चहा दिला, भाडे सांगितले आणि मग पूर्ण नाव विचारले. आडनाव ऐकताच त्यांना एकाएकी आठवले की, त्यांचा पुतण्या शिकायला येणार आहे आणि खोली त्याच्यासाठी ठेवायची आहे. असे पुतणे आम्हांला तीन घरांत भेटले. वाचकांपैकी पुष्कळांच्या हे पुतणे परिचयाचे असतील.

शेवटी अशोक चौकाच्या बाजूला एका बोळात दोन खोल्या मिळाल्या. आम्ही आलो तेव्हा नळाला तीन-चार दिवसांआड पाणी यायचे, तेही कधी मध्यरात्री. पहिल्याच आठवड्यात रात्री दोन वाजता कोणीतरी आमचे दार धडाधडा वाजवले. आम्ही घाबरून उठलो. दारात शेजारची म्हातारी घागर घेऊन उभी. "पाणी आलंय, झोपलाव काय?" एवढे बोलून ती गेली. त्या रात्री सगळा बोळ जागा होता.

मुलांच्या आईचे बस्तान आमच्या आधी बसले. बोळातल्या तेलुगू बाया सकाळपासून मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या. पाने भिजवायची, फर्म्याने कापायची, तंबाखू भरून दोऱ्याने बांधायची. मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने. ही त्यांच्याजवळ जाऊन बसू लागली. विडी काही जमली नाही, पण महिन्याभरात 'बागुन्नारा' म्हणजे बरे आहात ना, आणि 'तिन्नारा' म्हणजे जेवलात का, एवढे तेलुगू घरात आले. आम्ही मात्र अजून नमस्कार-चमत्कारावरच होतो.

आम्ही सकाळी हुतात्मा बागेत फिरायला जायचो. भुईकोट किल्ल्याला लागून ही बाग आहे, आणि जवळच सिद्धेश्वर तलाव. फिरून झाले की एका ठरावीक बाकावर बसायची सवय लागली. त्याच बाकावर रोज एक सत्तरीचे गृहस्थ असायचे. माग चालवून निवृत्त झालेले, डाव्या हाताचे एक बोट अर्धे. सगळे त्यांना अण्णा म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. पंधरा-वीस दिवस नुसती मान हलवणे चालले. मग एके दिवशी त्यांनी सरकून जागा दिली आणि म्हणाले, "काय साहेब, आज उशीर केलाव?" आपल्या उशिराची कोणी नोंद ठेवतो, हे ऐकून आम्हांला बरे वाटले. हजेरीपुस्तकाखेरीज आमच्या उशिराची दखल या गावात अजून कोणी घेतली नव्हती.

अण्णांचे आजोबा तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेले. इथली जुनी मिल १८७७ साली सुरू झाली, आणि कापडाच्या धंद्यामागे तेलुगू, कानडी, मराठी, उर्दू बोलणारी माणसे या गावात येत राहिली. अण्णा म्हणायचे, "साहेब, इथं कोण इथला हाय? समदे आलेले." १२ जानेवारी १९३१ ला फाशी गेलेले सोलापूरचे चार वीर पाहा: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे. हे गाव कोणाकोणाचे आहे, ते त्या नावांवरूनच कळते.

वर्षभर असे चालले. नातवंडे, मागाचा धंदा, आमच्या साहेबांचा स्वभाव, सगळे बोलून झाले. आडनाव त्यांनी विचारले नाही आणि आम्हीही सांगितले नाही. खोटे कशाला बोला, आम्ही ते टाळले. सभेत छाती पुढे काढून बोलणारे आम्ही, पण बाकावर बसलो की ते तीन पुतणे आठवायचे.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये अण्णा यायचे थांबले. चार दिवस गेले, आठ गेले. बारा दिवस झाले तेव्हा आम्हांला कळले की, आपल्याला त्यांचे ना नाव ठाऊक, ना घर. दाजी पेठेत कारखान्याच्या शेजारी राहतो, एवढेच ते कधीतरी म्हणाले होते. रविवारी निघालो. साखर पेठेतून दाजी पेठेत शिरलो. त्या भागात कोणत्या घराशेजारी कारखाना नाही? दोन्ही बाजूंनी मागांची खटखट, रस्त्याला टॉवेलच्या गठ्ठ्यांनी भरलेला हातगाडा, आणि ज्याला विचारावे तो म्हणे, "कोन अण्णा?" तिथे दर दुसरा माणूस अण्णा. आडनाव विचारणाऱ्यांवर आम्ही आयुष्यभर चिडलो, आणि त्या दिवशी आडनाव माहीत नाही म्हणून उन्हात दोन तास हिंडलो. अखेर एका चहाच्या टपरीवरच्या पोराला हाताचे बोट दुमडून दाखवले. "अर्ध्या बोटाचे व्हय? चला की!" म्हणत तो दारापर्यंत आला.

अण्णांचा पाय प्लास्टरमध्ये होता. रात्री पाणी भरताना घसरले होते. आम्हांला पाहून काही क्षण बोललेच नाहीत. त्यांच्या पत्नीने विचारले, "तिन्नारा?" हा एक प्रश्न आम्हांला येत होता. नाही म्हटल्यावर कडक भाकरी आणि शेंगांची चटणी पुढे आली, मागून चहा.

दारावरच्या पाटीवर त्यांचे आडनाव आम्ही येतानाच वाचले होते. आता आपले सांगितलेच पाहिजे असे वाटले. भाकरीचा घास हातात असताना पूर्ण नाव सांगितले, आणि समाजही सांगितला. आतल्या खोलीत त्यांचा थोरला मुलगा होता. तो उठून बाहेर गेला. कामासाठी गेला की कशासाठी, कोण जाणे. तो आजही आमच्याशी जेवढ्यास तेवढे बोलतो. अण्णा आमच्याकडे पाहत म्हणाले, "बरं. मग? चहा गार व्हायलाय."

निघताना त्यांनी उशाखालून घराचे वीजबिल काढून आमच्या हातात दिले. "तुमच्या ऑफिसच्या वाटेवर हाय. भरून टाका. पैसे पाय बरा झाल्यावर."

बिल ७४० रुपयांचे होते. नोव्हेंबरात अण्णा काठी टेकत बागेत आले आणि बाकावर बसून, सुट्या नाण्यांसकट, मोजून दिले.