रडायला कुणी सांगू नये

पुणे

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. थिएटरातून बाहेर पडताना कान दुखतात आणि मन मात्र कोरडंच राहतं, असं तू लिहिलंस. सध्या काय बघावं, काय ऐकावं, हेही विचारलंस. नुसती यादी पाठवली असती, पण तुझ्या तक्रारीत मला महत्त्वाचा मुद्दा दिसला, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी 'छावा' हा चित्रपट. विकी कौशलने जीव ओतून काम केलं आहे, यात शंका नाही. पण संभाजीराजांचा शेवट आपण लहानपणापासून ऐकत, वाचत आलो. नुसता आठवला तरी गळा दाटून येतो. तिथे रहमानचं पार्श्वसंगीत क्षणभरही आपल्याला एकटं सोडत नाही. आता पेटून उठा, आता रडा, असं ते बजावत राहतं. इतक्या मोठ्या मरणाला ढोलांचा आधार द्यावा लागतो, हे मला पटत नाही. प्रेक्षकाला स्वतःहून काही वाटेल यावर विश्वास नसला, की आवाज असा चढतो. तुझे कान दुखले ते यामुळेच.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला रोहन परशुराम कानवडे यांचा 'साबर बोंडं' आहे. 2025च्या जानेवारीत अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचं सर्वोच्च पारितोषिक या मराठी चित्रपटाला मिळालं. वडील गेल्यावर मुंबईतला आनंद आईबरोबर दहा दिवसांच्या दुखवट्यासाठी गावी येतो. नातेवाईक त्याच्या लग्नाचा विषय काढत राहतात. त्याला पुरुषांविषयी ओढ आहे, हे आईला ठाऊक आहे आणि तिने ते स्वीकारलं आहे. गावात त्याला बालपणीचा मित्र बाळ्या भेटतो आणि दोघं हळूहळू जवळ येतात. कानवडे स्वतः वडिलांच्या निधनानंतर अशाच दुखवट्यासाठी गावी गेले होते, त्या अनुभवातून ही कथा आली.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेराही बराच वेळ एका जागी थांबून राहतो. दुःखाच्या घरात माणसं प्रत्यक्षात जशी बोलतात, तशीच इथे बोलतात: थोडं, अडखळत, बरंचसं जेवणाखाण्याचं आणि रीतीभातीचं. जयश्री जगताप यांनी केलेली आई बघ. मुलाची बाजू घेताना ती कुठेही भाषण करत नाही. नातेवाइकांसमोर ती ज्या सहजतेने विषय वळवते, त्यातच तिची सगळी माया आहे. मागे व्हायोलिन वाजलं असतं, तर ही माया आपली आपल्याला सापडली नसती.

दुसरा चित्रपट पायल कपाडियाचा 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'. 2024च्या कान महोत्सवात त्याला ग्रां प्री मिळालं. मुंबईतल्या दोन मल्याळी परिचारिका आणि त्यांच्याच रुग्णालयात स्वयंपाक करणारी पार्वती यांची ही गोष्ट. पार्वती झालीय आपली छाया कदम. नवरा गेलेला आणि राहत्या घराचे कागद हाती नाहीत, त्यामुळे बिल्डर तिला बाहेर काढतो आणि ती रत्नागिरीकडच्या आपल्या गावी परतते. यात संगीत आहे, पण जपून वापरलेलं. इथिओपियाच्या जोगीण एमाहोय त्सेगे-मरियम गेब्रू यांचा पियानो मुंबईच्या पावसाळी रात्रींवर अधूनमधून उमटतो. तो आपल्याला काही करायला सांगत नाही, पात्रांच्या सोबतीने चालतो. पार्श्वसंगीत नकोच, असं मी म्हणत नाही, हे यावरून तुझ्या लक्षात येईल.

ऐकण्यासाठी 'शक्ती' या वादकसमूहाचा 'धिस मोमेंट' घे. हा अल्बम 2023मध्ये आला आणि पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं. 1977च्या 'नॅचरल एलिमेंट्स'नंतरचा त्यांचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. जॉन मॅक्लॉफ्लिनची गिटार, झाकीरभाईंचा तबला, शंकर महादेवनचा आवाज, गणेश राजगोपालन यांचं व्हायोलिन आणि सेल्वागणेश यांची तालवाद्यं. सेल्वागणेश हे मूळ 'शक्ती'तले घटमवादक विक्कू विनायकराम यांचे चिरंजीव. एवढे दिग्गज एकत्र आले की चढाओढीची भीती असते. इथे प्रत्येकजण आधी दुसऱ्याचं ऐकतो आणि मग वाजवतो. विशेषतः झाकीरभाई कुठे हात आवरतात, ते नीट ऐक. 15 डिसेंबर 2024 रोजी ते गेले, तेव्हापासून त्या मोकळ्या सोडलेल्या जागा मला अधिकच जाणवतात.

ताई, तू इतकी वर्षं गाणं शिकलीस. सुरावर स्थिर राहणं किती अवघड असतं, हे मी तुला काय सांगणार? या दोन्ही चित्रपटांनी आणि या अल्बमने तेच साधलं आहे. आपल्या मनात काही उगवेल, यावर त्यांचा भरवसा आहे. कलाकृती चांगली की नाही हे ठरवताना मी हल्ली हाच भरवसा आधी तपासतो. विषय मोठा आहे का, खर्च किती झाला, गल्ला किती जमला, हे सगळं नंतर.

असे चित्रपट आपल्याकडे थिएटरात फार दिवस टिकत नाहीत. शहाणे प्रेक्षक घरी बसले, तर पुढच्या निर्मात्याला पुन्हा ढोलच सुरक्षित वाटतील. म्हणून 'साबर बोंडं' आधी बघ, भावोजींनाही बरोबर घे. फोन बंद ठेव आणि पहिला अर्धा तास त्याच्या संथपणाला दे. मग पत्र लिही. माझं म्हणणं पटलं नाही, तर तेही स्पष्ट लिही.

तुझा,
धाकटा भाऊ