तिकीट स्वस्त, पण प्रवास?

आईच्या हातात अक्षता होत्या, पण त्या टाकायला नवरा-नवरी समोर नव्हते. आम्ही पुण्याच्या कार्यालयात पोहोचलो तेव्हा दुपारचा एक वाजून गेला होता. मंगलाष्टकं होऊन दीड तास झाला होता, पहिली पंगत उठत होती आणि माझी मावसबहीण शालू बदलायला आत गेली होती. मावशीने आईला मिठी मारली आणि दोघी रडल्या. बाबा एका कोपऱ्यात उभे राहून मला हळूच म्हणाले, "सहा हजार वाचवायला गेलो आणि हे झालं."

ही तीन वर्षांपूर्वीच्या जानेवारीतली गोष्ट. आम्ही दिल्लीत राहतो, आजोळ पुण्याचं. माझ्या लहानपणी पुण्याला जायचं म्हणजे झेलम एक्स्प्रेस, डब्यात पुरी-भाजी आणि सव्वा दिवसाचा प्रवास हे ठरलेलं होतं. आता आम्ही सव्वादोन तासांत पोहोचतो. त्या लग्नानंतर मात्र आमच्या घरात एक वाद सुरू झाला आणि तो अजून मिटलेला नाही. स्वस्त विमान खरंच स्वस्त पडतं का? की थोडे जास्त पैसे देऊन जेवणखाण, सामान सगळं तिकिटातच देणाऱ्या, म्हणजे फुल सर्व्हिस विमानानं जावं? घरी सगळ्यांनी शेवटी ही जबाबदारी माझ्यावरच टाकली, "तूच शोध आणि सांग."

स्वस्त विमान आलं कुठून?

२००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन सुरू केली. त्याआधी आपल्याकडे विमानप्रवास म्हणजे साहेबांचं आणि श्रीमंतांचं काम. एअर डेक्कनने काही तिकिटं एक रुपयात विकली आणि देशभर चर्चा झाली. पुढे २००५ मध्ये स्पाइसजेट आणि गोएअर आल्या, २००६ मध्ये इंडिगो आली. ऑगस्ट २०२२ मध्ये अकासाने मुंबई-अहमदाबाद मार्गावरून सुरुवात केली. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक एकट्या इंडिगोने प्रवास करतात. म्हणजे आपल्याकडे स्वस्त विमान हा आता अपवाद नाही, तोच नियम झालाय. अनेक छोट्या शहरांतून तर दुसरा पर्यायच नसतो.

मग तिकीट स्वस्त कसं देतात?

मला आधी वाटायचं, की स्वस्त विमान म्हणजे जुनं विमान किंवा सुरक्षेत काटकसर. तसं नाही. सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखेच आहेत आणि ते डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय ठरवतं. काटकसर दुसरीकडे होते.

शक्यतो एकाच प्रकारची विमानं घ्यायची, म्हणजे वैमानिकांचं प्रशिक्षण आणि सुटे भाग यांचा खर्च कमी होतो. विमानात खुर्च्या जास्त बसवायच्या, म्हणून पाय पसरायला जागा थोडी कमी मिळते. विमान उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवायचं, कारण जमिनीवर उभं असलेलं विमान काही कमवत नाही. गरम जेवणाची सोय ठेवायची नाही किंवा ते विकत द्यायचं. आणि तिकिटातून एकेक गोष्ट बाहेर काढून तिची वेगळी किंमत लावायची. खिडकीची जागा वेगळी, सँडविच वेगळं, जास्तीचं सामान वेगळं, लवकर चढायचं असेल तर तेही वेगळं.

पण काही खर्च कुणालाच टाळता येत नाहीत. इंधन सगळ्यांना लागतं आणि तोच सर्वांत मोठा खर्च असतो. युरोपात स्वस्त विमानं शहरापासून लांबच्या, स्वस्त विमानतळांवर उतरतात. आपल्याकडे बहुतेक शहरांत विमानतळ एकच, त्यामुळे तिथले आकारही सगळ्यांना भरावे लागतात. म्हणूनच आपल्याकडे दोन्ही तिकिटांतला फरक अनेकदा आपल्याला वाटतो तेवढा मोठा नसतो.

आमचा हिशोब

आता त्या लग्नाच्या प्रवासाचा हिशोब सांगते. बाबांनी सगळ्या पावत्या जपून ठेवल्या होत्या, म्हणून आकडे माझ्याकडे आहेत.

आम्ही चौघं. स्वस्त तिकीट माणशी ५,२०० रुपये आणि फुल सर्व्हिसचं त्याच दिवशी ६,७०० रुपये. चौघांचे ६,००० रुपये वाचत होते. बाबांनी लगेच बुकिंग केलं.

मग आईला बाबांशेजारी बसायचं होतं आणि भावाला खिडकी हवी होती. चार जागा निवडायचे १,४०० रुपये झाले. विमानतळावर बॅगा काट्यावर ठेवल्या तर पाच किलो जास्त भरल्या. मावशीने मागवलेली गजक आणि रेवड्या, चांदनी चौकातून घेतलेला लेहंगा, आहेराची भांडी! काहीच काढता येईना. किलोला ६०० रुपयांप्रमाणे ३,००० गेले. विमान लांबलं तेव्हा भूक लागली, सँडविच आणि चहाचे १,३०० झाले. बेरीज ५,७००.

म्हणजे ६,००० पैकी वाचले फक्त ३०० रुपये. दुसऱ्या तिकिटात तेव्हा जेवण होतं आणि सामानाची मर्यादाही जास्त होती, त्यामुळे आमचे ते पाच किलो त्यात आरामात बसले असते.

पण हाच प्रवास मी एकटीने केला असता तर? मी पाठीवर एक सॅक घेऊन जाते, जागा निवडत नाही, घरून पराठे नेते. माझे पूर्ण १,५०० वाचले असते. दोन्ही वेळा विमान एकच, तरी हिशोब वेगळा. मला इथेच पहिलं उत्तर मिळालं. स्वस्त तिकीट किती स्वस्त, हे तुम्ही किती जण आहात आणि सोबत काय नेताय यावर ठरतं.

आणि ते मंगलाष्टकांचं काय?

भावाची दहावीची पूर्वपरीक्षा होती, म्हणून आम्ही लग्नाच्या आदल्या रात्रीचं ८ वाजून ५० मिनिटांचं विमान घेतलं होतं. जानेवारीतली दिल्ली, बाहेर धुकं दाटलेलं. आधी एक तास उशीर सांगितला, मग दोन, मग चार. मध्यरात्रीनंतर कळलं, की आता सकाळीच निघणार. आई रात्रभर खुर्चीत बसून होती. आहेराच्या साडीची पिशवी तिने मांडीवरून खाली ठेवली नाही. सकाळी विमान उडालं तेव्हा दहा वाजून गेले होते. मुहूर्त होता ११ वाजून २५ मिनिटांचा.

पुढचे कित्येक महिने घरात सगळे "त्या स्वस्त विमानामुळे" असंच म्हणायचे. मीही म्हणायचे. पण हा लेख लिहिताना मी त्या रात्रीचे फोटो पुन्हा पाहिले. एका फोटोत मागे उड्डाणांचा मोठा फलक दिसतो. त्यावर महागड्या कंपन्यांच्या नावांपुढेही उशीरच लिहिलेला आहे. धुकं सगळ्यांसाठी सारखंच होतं. आमची खरी चूक स्वस्त तिकीट घेण्याची नव्हती, तर जानेवारीत दिल्लीहून आदल्या रात्रीच्या शेवटच्या विमानावर लग्न सोपवण्याची होती.

महाग म्हणजे भरवशाचं, असंही नाही. किंगफिशर आणि जेट एअरवेज दोन्ही थाटाच्या कंपन्या होत्या. एक २०१२ मध्ये थांबली, दुसरी एप्रिल २०१९ मध्ये. गो फर्स्ट स्वस्तातली होती, ती मे २०२३ मध्ये थांबली. तिकिटं हातात असलेले लोक तिन्ही वेळा अडकले. डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांनंतर इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा इतर कंपन्यांची भाडी इतकी चढली, की सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली.

आता फरक कमी होतोय

आणखी एक गोष्ट लक्षात आली. पूर्वी दोन प्रकारांत स्पष्ट रेघ होती, आता ती पुसट झालीय. मे २०२४ मध्ये एअर इंडियाने सर्वांत स्वस्त इकॉनॉमी तिकिटावर सामानाची मर्यादा २० वरून १५ किलोवर आणली, म्हणजे स्वस्त कंपन्यांएवढीच. दुसरीकडे, इंडिगोने त्याच वर्षी दिल्ली-मुंबई मार्गावर बिझनेस क्लास सुरू केला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, त्यामुळे फुल सर्व्हिसमध्ये निवडीला फारसं काही उरलं नाही. म्हणून आता कंपनीचं नाव पाहून ठरवू नका, त्या तिकिटात नेमकं काय आहे ते वाचा.

हे हक्क सगळ्यांचे

हे मला त्या रात्री माहीत असतं तर फार बरं झालं असतं. डीजीसीएचे नियम स्वस्त-महाग असा भेद करत नाहीत.

• अडीच तासांपर्यंतच्या प्रवासात दोन तासांहून जास्त उशीर झाला, तर वेळेवर चेक-इन केलेल्या प्रवाशांना खाणं-पिणं कंपनीने द्यायचं असतं. आम्ही मागितलंच नाही, स्वतः विकत घेतलं.

• रात्री ८ ते पहाटे ३ दरम्यानच्या विमानाला सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर हॉटेलची सोय करायची असते. हेही आम्ही विचारलं नाही.

• विमान रद्द झालं तर पूर्ण पैसे परत किंवा दुसरं विमान, यातली निवड प्रवाशाची. मात्र धुकं, वादळ अशा कारणांसाठी वेगळी नुकसानभरपाई मिळत नाही.

• "नॉन-रिफंडेबल" तिकीट रद्द केलं तरी सरकारी कर आणि विमानतळाचे आकार परत मिळायला हवेत.

• १२ वर्षांखालच्या मुलाला त्याच बुकिंगमधल्या आई किंवा बाबांपैकी एकाशेजारी जागा द्यायची, असं डीजीसीएने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलंय. लहान मुलं सोबत असतील तर घाबरून जागा विकत घेण्याआधी हे आठवा.

मग कोणतं घ्यावं?

एकटे असाल, सामान कमी असेल, प्रवास दोन तासांच्या आतला असेल तर डोळे झाकून स्वस्त घ्या. विद्यार्थी, नोकरी करणारी मुलं, दोन दिवसांसाठी घरी जाणारे यांच्यासाठी हेच योग्य.

कुटंब मोठं असेल, लग्नाचं सामान असेल, सोबत आजी-आजोबा असतील तर दोन्ही तिकिटांची पूर्ण बेरीज मांडा. सामान, जागा, जेवण धरून फरक माणशी चार-पाचशेच्या आत आला तर फुल सर्व्हिस घ्यायला हरकत नाही. थेट विमान मात्र नेहमी वरचढ. आजीला घेऊन मधल्या विमानतळावर चार तास बसण्यापेक्षा स्वस्त कंपनीचं थेट विमान कधीही बरं.

सामान जास्त होणार हे माहीत असेल तर ते आधीच ऑनलाइन नोंदवा, काऊंटरवर जास्त पैसे पडतात. बॅग घरीच वजनकाट्यावर ठेवून बघा. वेब चेक-इनच्या वेळी जागा निवडण्याचा आग्रह होतो, पण पैसे न देताही जागा मिळतेच, फक्त ती कंपनी ठरवते. चहासाठी 'उडान यात्री कॅफे' शोधा. डिसेंबर २०२४ मध्ये कोलकात्यात सुरू झालेला हा कॅफे आता पुण्यासह आणखी काही विमानतळांवर आहे, तिथे चहा १० रुपयांत मिळतो.

आणि मुहूर्त, परीक्षा, मुलाखत, ऑपरेशन असं काही असेल तर एक दिवस आधी पोहोचा. कुठल्याच कंपनीच्या तिकिटात ही हमी मिळत नाही.

एक गोष्ट राहिली. झेलमने जायचो तेव्हा आई माहेरी दोन वर्षांतून एकदा जायची, कारण जाण्या-येण्यातच सुट्टी संपायची. आता ती दर भाऊबीजेला जाते, तेही बहुतेक वेळा स्वस्तातल्या विमानाने. मामाच्या बायपासच्या वेळी फोन आल्यापासून सात तासांत ती पुण्याच्या हॉस्पिटलमध्ये होती. हे मी तिच्यासमोर मांडलं, तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली.

या मे महिन्यात मामेभावाचं लग्न आहे. बाबांनी तिकिटं काढली आहेत, स्वस्तातलीच. आईने फक्त तारीख विचारली. दोन दिवस आधीची आहे असं कळल्यावर म्हणाली, "मग ठीक आहे. आणि गजक या वेळी कुरिअरने पाठवू."