जोंगाची थरथर आणि सूर्यघड्याळ

जबलपूरच्या सिविल लाइंसमधील एका जुन्या बंगल्याच्या पोर्चमध्ये उभी असलेली जोंगा तीन इंचांनी उंच झाली, आणि त्या घरात काका-पुतण्यांमध्ये अबोला आला. काकांच्या मते कारखान्याने ठरवलेल्या कोनांना हात लावणे हा अविचार होता. पुतण्या भौतिकशास्त्राचा एम.एस्सी.चा विद्यार्थी, साठवलेले सारे पैसे त्याने या उंचीवर खर्च केले होते.

जोंगा हे नावच जबलपूरचे आहे. ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून ते घडले. निस्सान पेट्रोलच्या आराखड्यावरून येथील वाहन निर्माणीत सैन्यासाठी बांधली जाणारी ही गाडी पुढे लिलावांतून नागरिकांच्या हाती आली. ही निर्माणी 1969 सालची. काकांच्या आयुष्याची तीसेक वर्षे तिथेच गेली.

गाडी उंच करून आणली त्याच संध्याकाळी ताशी 55 किलोमीटरला पायाखालची पत्र्याची जमीन थरथरू लागली. साठला ती थरथर दातांपर्यंत पोचे. गॅरेजवाल्याने चाकांचे बॅलन्सिंग दोनदा केले. फरक पडला नाही. ‘जुनी गाडी आहे, चालायचंच,’ असे तिसऱ्या खेपेला ऐकल्यावर पुतण्याने ती विकण्याची भाषा सुरू केली. तेव्हा काकांनी मौन सोडले.

“उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढलास की काय होतं?”

“कमी होतं, काका.”

“मग चाकांना दोष देऊ नकोस. चाकाला इंजिनाचा भार कळत नाही, जोडाला कळतो.”

काकांचा रोख गिअरबॉक्सकडून मागच्या आसाकडे फेरे नेणाऱ्या प्रॉपेलर शाफ्टकडे होता. त्याच्या दोन्ही टोकांना एकेक क्रॉस जॉइंट असतो. हा जोड वाकडा असतानाही फेरे पुढे पाठवतो, पण समान गतीने नव्हे. आत येणारा शाफ्ट संथ, एकसारखा फिरत असला तरी बाहेर जाणारा प्रत्येक फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. कोन दुप्पट झाला की ही चढउतार जवळजवळ चौपट होते: 10 अंशांना एकंदर 3 टक्के, तर 20 अंशांना 12 टक्क्यांहून थोडी अधिक.

रॉबर्ट हूकला हा स्वभाव ठाऊक होता. 1676 साली प्रसिद्ध झालेल्या हेलिओस्कोपांवरील पुस्तिकेत त्याने या जोडाचे वर्णन केले, आणि त्याची विषम गती त्याने सूर्यघड्याळाच्या कामी लावली. आडव्या सूर्यघड्याळावर तासांच्या रेषा सारख्या अंतरावर नसतात. सूर्याचा कोन समगतीने वाढतो, सावलीचा वाढत नाही. त्या सावलीचे समीकरण आणि या जोडाचे समीकरण एकच आहे. जबलपूरच्या सुमारे 23 अंश अक्षांशासाठी सूर्यघड्याळ आखायचे तर जोड 67 अंशांनी वाकवावा लागेल. एवढ्या कोनात गाडी अर्थातच चालणार नाही.

पुतण्याने हे समीकरण परीक्षेपुरते शिकले होते. आता त्याने हिशेब मांडला. चाकाचा परीघ 2.4 मीटर, तेव्हा ताशी 60 ला चाकाचे सेकंदाला 7 फेरे. आसाचे गुणोत्तर 4.1 धरले तर शाफ्टचे 28 ते 29. दोष चाकाचा असेल तर कंपन 7 हर्ट्झचे हवे, शाफ्टच्या असमतोलाचा असेल तर 28च्या आसपास, आणि जोडाच्या कोनाचा असेल तर त्याच्या दुप्पट, 57. त्याने फोन जमिनीवर घट्ट चिकटवला आणि त्वरणाची नोंद घेतली. आलेखात शिखर दिसले ते 43 हर्ट्झवर! या आकड्याचा कुठल्याच भागाशी मेळ बसेना. काकांचे निदान चुकले, असे त्याला क्षणभर वाटले. कदाचित थोडे बरेही वाटले असेल.

चूक फोनच्या मोजणीत होती. तो सेकंदाला 100 नोंदी घेत होता, आणि एवढ्या नोंदींत 50 हर्ट्झच्या वरचे कंपन खरे दिसतच नाही. 57 हे 100मधून वजा होऊन 43 बनून येते. सिनेमात गाडीची चाके उलटी फिरताना दिसतात, त्यातलाच हा प्रकार. नोंदी 200 केल्या तेव्हा शिखर 57वर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः गाडीखाली शिरले. शाफ्टच्या दोन्ही भागांवरचे बाण जुळत होते, म्हणजे तो चुकीच्या दात्यावर बसवलेला नव्हता. मग कोनमापक लावला: वरचा जोड 12 अंश, खालचा 6. कमानपाटे आणि आस यांच्यामध्ये गॅरेजवाल्याने एक लोखंडी पाचर ठोकली होती. ‘शाफ्ट जरा सरळ रेषेत यावा’ म्हणून.

दोष या पाचरीत होता, आणि तो दिसायला किती समंजस! उंची वाढल्याने 90 सेंटिमीटरचा शाफ्ट सुमारे 5 अंश अधिक कलला होता. आसाचे तोंड वर करून खालचा कोन तरी कमी करावा, हे कुणालाही पटेल. पण दोन जोडांच्या शाफ्टमध्ये पहिला जोड जी विषमता निर्माण करतो ती दुसरा पुसून टाकतो, आणि त्यासाठी दोन्ही कोन सारखेच असावे लागतात. सात आणि सात चालतात, बारा आणि बाराही एका मर्यादेपर्यंत चालतात. बारा आणि सहा चालत नाहीत. त्यांतून उरणारी विषमता साडेदहा अंशांच्या एकट्या जोडाएवढी भरते. वरच्या टोकाला दुहेरी जोड असता तर हीच पाचर योग्य ठरली असती. अशा थरथरीत क्रॉस झिजतात. पुढचा जोड तुटून शाफ्टचे टोक रस्त्यात रुतले तर धावती गाडी उलटू शकते. काकांनी गाडीत बसायला नकार दिला होता तो याच भीतीने, रागाने नव्हे. हे त्यांनी गाडीखालूनच सांगितले.

पाचर निघाली. तीन इंचांची उंची पुतण्याने स्वतःहून दीडवर आणली. पुन्हा घेतलेल्या आलेखात 57चे शिखर बारीक उंचवट्याएवढे उरले. ते पूर्ण जाणार नव्हतेच, कारण दोन्ही टोके सावरली तरी मधला शाफ्ट प्रत्येक फेऱ्यात धावत-रेंगाळतच राहतो, आणि वेग वाढला की त्याचे जडत्व आपली कुरकुर ऐकवते. ताशी 80च्या पुढे ती अजून ऐकू येते.

रविवारी सकाळी काका पुढच्या आसनावर येऊन बसले.

“ऐंशीच्या वर नेऊ नकोस,” ते म्हणाले, आणि त्यांनी तळवा जमिनीच्या पत्र्यावर टेकवला.