पियानोशेजारची थाप

आमच्या चिंचपोकळीच्या चाळीत पियानो कुणी सिनेमाबाहेर पाहिला नव्हता. थाप मात्र सगळ्यांना कळायची. दुसऱ्या पाळीवरून आलेला माणूस डबा ठेवून थेट भजनाला बसायचा. आमचे ढोलकीवाले काका कड्या सरकवून ढोलकी सुरात चढवत आणि आम्हाला म्हणत, ‘आधी ऐका, मग वाजवा.’

त्यांनीच मला रंगभवनात नेलं. निरंजन झवेरींनी 1978 साली सुरू केलेली जॅझ यात्रा तिथे भरायची. पहिल्याच वर्षी सॅक्सोफोनवादक सॉनी रॉलिन्स येऊन गेला होता. व्ही.टी.ला उतरून धोबीतलावपर्यंत चालत जायचं. उघड्या आभाळाखाली लुई बँक्स पियानोवर बसले की काकांची बोटं गुडघ्यावर चालू व्हायची. सूर परके होते, पण सम कुठे येणार ते त्यांना आधीच कळायचं.

पुढे रेकॉर्डी ऐकताना काकांची ती गुडघ्यावरची बोटं आठवत राहिली. अमेरिकन पियानोवादक डेव्ह ब्रुबेक 1958 साली भारतात येऊन गेला आणि त्याच वर्षी त्याने ‘कॅलकटा ब्लूज’ ध्वनिमुद्रित केलं. त्यात त्याचा ड्रमवादक जो मोरेलो काड्या बाजूला ठेवून ड्रम चक्क बोटांनी वाजवतो. पियानो त्या बोटांवर निवांत रेलतो. काकांना हे ऐकवायचं राहून गेलं, त्याची हळहळ आजही आहे.

आणि आपला त्रिलोक गुर्टू! 1951 साली मुंबईत जन्मलेला, शोभा गुर्टूंचा मुलगा. ठुमरीच्या घरात तबला शिकला. ड्रमच्या स्टुलावर न बसता गुडघ्यांवर बसून तो तबला आणि ड्रम एकत्र वाजवतो. ‘ओरेगॉन’ या अमेरिकन चमूत राल्फ टाउनर गिटार आणि पियानो वाजवायचा, तर कॉलिन वॉलकॉट तबला. 1984 साली वॉलकॉट अपघातात गेला. त्याच्या जागी त्रिलोक आला. 1987 च्या ‘इकोटोपिया’त टाउनरच्या सुरांना त्याची साथ आहे. पुढच्याच वर्षी ‘उस्फ्रेट’ या स्वतःच्या रेकॉर्डवर त्याने आईला गायला बसवलं. मला त्याचं हे सर्वांत आवडतं.

माझ्या मते पियानोला ड्रमच्या काडीपेक्षा हाताची थाप जास्त मानवते. हातात दाब असतो, घासणं असतं, मींड असते. पियानोच्या पट्टीला जे जमत नाही ते शेजारचं कातडं करतं. यंदाच्या दिवाळीत ‘कॅलकटा ब्लूज’ आणि ‘इकोटोपिया’ जरूर ऐका, आणि घरात ढोलकी वाजवणारं कुणी असेल तर त्यांना शेजारी बसवून ऐका.